‘तळ’ नावाची कॅसेट

लातूर वेगळा जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं होतं आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दडी मारली होती. चाकूरच्या बाजारात नागप्पाचं कॅसेटचं दुकान होतं, मागं घर. त्या दुपारी नागप्पा टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभा होता आणि त्याची बायको उमादेवी लातूरहून आलेलं मालाचं खोकं उघडत होती.

वर भजनं, मग सिनेमाची गाणी. अगदी खाली एक कॅसेट निराळीच निघाली. कंपनीचं नाव नाही. वेष्टनावर चार बायका. एकीच्या हातात गिटार, एकीपुढं ड्रम, एकीजवळ पेटी, चौथीच्या मांडीवर रिकामी घागर. खाली हातानं लिहिलेलं : तळ.

तिनं ती टेपमध्ये घातली.

असलं गाणं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. गिटार खरखरत होती, घागरीवर अंगठ्या वाजत होत्या आणि त्या बायका घसा फाडून, न लाजता गात होत्या. उमादेवीच्या अंगावर शहारा आला. तिला ते फार आवडलं. सासरी आल्यापासून ती स्वतः कधी मोठ्यानं गायली नव्हती.

दुसरं गाणं संपलं. ओल्या गाळाचा वास आल्यासारखा वाटला. मग टेपमध्ये एक बाई हळू आवाजात हजेरी घेऊ लागली.

“गंगम्मा...”

“हाय.”

“बसम्मा...”

“हाय.”

“रत्नम्मा...”

“हाय.”

“उमादेवी...”

फीत नुसतीच फिरत राहिली. सुर्र... सुर्र... उमादेवीला बटण दाबायचं होतं, पण हात उचलेना.

“उमादेवी...” टेपच्या जाळीला आतून तोंड लावून बोलावं तसं, अगदी जवळून.

आतून सासू लक्ष्मम्मा ओरडली, “हाय, हाय! दुकानातच हाय ती. कोण हाक मारून राहिलंय?”

टेपमध्ये कुणीतरी सुस्कारा टाकला आणि गाणं सुरू झालं. आता आवाज पाच होते. पाचवा तिचा स्वतःचा.

सासूला “अव्वा...” अशी हाक मारायला तिनं तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली.

पाणी घेऊन परतलेल्या नागप्पाला तिनं सारं लिहून दाखवलं, तशी त्यानं कॅसेट चुलीत घातली. डॉक्टर घरी येऊन गेले. घशात दोष सापडला नाही. उमादेवी पाटीवर लिहून बोलू लागली.

नवव्या दिवशी धुळीनं माखलेला एक म्हातारा दुकानात शिरला आणि थेट तिच्यापुढं उभा राहिला.

“मी ग्यानोबा, भोकरकडचा. बाई, माझी नात कुठं हाय?”

“कोणाची नात?” नागप्पानं विचारलं.

“परवा ह्या बाई अन् संगं चौघी आमच्या विहिरीपाशी गाऊन राहिल्या होत्या. चाकूरची कॅसेटवाली म्हणून ह्यांनीच सांगितलं. पोर त्यांच्या मागं गेली, ती अजून आली न्हाई.”

“बाबा, ही आठ दिवस घराबाहेर पडली न्हाई. हिला बोलतासुद्धा येत न्हाई.”

उमादेवीनं पाटी ओढली, ‘मी नव्हते’ असं लिहिलं आणि म्हाताऱ्यापुढं धरली.

ग्यानोबानं हात जोडले. “लहान हाय ओ पोर... तुम्हीच म्हणल्या न्हवं, अजून एक आवाज कमी हाय...”