चाळीस सेकंदांची चढाई

भिंतीवरचं एक घड्याळ रोज चाळीस सेकंद पुढे पळत होतं. ते ताळ्यावर आणण्यासाठी तीन माणसं आणि एक खेचर बर्फाचा पहाड चढायला निघाली होती. यात हसण्यासारखं काय आहे, हे मोहिमेच्या प्रमुखांना शेवटपर्यंत कळलं नाही.

प्रमुख होते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. घरातली साधी अडचण त्यांच्या हाती पडली की तिचा प्रबंधच व्हायचा. जेवणाचं टेबल डुगडुगायला लागलं, तेव्हा त्यांनी लेसर, आरसे आणि पाण्याच्या नळ्या लावून तीन दिवस जमिनीचा उतार मोजला. चौथ्या दिवशी त्यांची बायको येता-जाता पायाखाली पुठ्ठा सरकवून मोकळी झाली. शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं थांबावं म्हणून त्यांनी आवाजाच्या उलट्या लहरी सोडणारा भोंगा बनवला. कुत्रा त्या भोंग्याच्या प्रेमात पडला आणि खिडकीखालीच मुक्कामाला आला.

बायको मात्र हाताने विचार करणारी होती. तिचं काम कवळ्या बनवण्याचं. दिवसभर दिव्याखाली मेण आणि प्लास्टर घेऊन ती अनोळखी माणसांचे दात घडवायची. केसाएवढी चूक राहिली तरी माणसाचा घास अडतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ही नजर तिला वडिलांकडून मिळाली होती.

वडील उंच पहाडावरच्या हवामान केंद्रात एकटे राहायचे. तिथली घड्याळं आणि यंत्रं चालू ठेवणं ही त्यांची नोकरी. तिच्या लग्नात त्यांनी स्वतःच्या हाताने बनवलेलं लंबकाचं घड्याळ खाली शहरात पाठवलं. लंबकाच्या टोकाशी वेळ कमीजास्त करायचा स्क्रू होता, त्यावर त्यांनी लाल लाखेचा ठिपका टाकला होता. सोबत चिठ्ठी होती: ‘लावलं आहे ते बरोबर आहे. स्क्रूला हात लावू नये.’

आणि ते बरोबर लावलेलं घड्याळ आठवड्याला चार मिनिटं चाळीस सेकंद पुढे जायचं! दर रविवारी सकाळी दहाला ती वडिलांना फोन करायची. “बाबा, नक्की किती वाजले?” ते सेकंदासकट वेळ सांगायचे, ती काटा मागे घ्यायची, मग पाऊण तास इकडचं तिकडचं बोलणं चालायचं. सात वर्षं हे असं चाललं. एका रविवारी मात्र तिचं डोकं सटकलं. कामाचा डोंगर पडला होता, अंगात कणकण होती. ती म्हणाली, “बाबा, तुमचे डोळे गेलेत. हे घड्याळ चुकलं, एवढं मान्य करा ना! मी वेळ मोबाइलवर बघत जाईन.”

पलीकडून फक्त “बरं” एवढंच आलं. पुढचे तीन रविवार तिने फोन केला नाही. चौथा रविवार उजाडायच्या आत वडील गेल्याची बातमी आली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. घड्याळ पळतच होतं आणि ती त्याच्याकडे पाहायचं टाळत होती.

“अगं, अर्ध्या फेऱ्याचं काम आहे,” एका संध्याकाळी प्राध्यापक म्हणाले. “स्क्रू जरा सैल केला की झालं.” उभ्या आयुष्यात त्यांनी हा एकच सरळ उपाय सुचवला होता.

“लाख फोडायची नाही,” ती म्हणाली.

प्राध्यापक खुर्चीत बसले आणि त्यांचे डोळे चमकायला लागले. “लंबकाच्या सूत्रात दोनच गोष्टी येतात. लांबी आणि गुरुत्व. लांबीला हात लावायचा नाही म्हणतेस? मग गुरुत्व बदलू!”

“कसं बदलणार?”

“वर जाऊन! जितकं उंच जावं तितकी पृथ्वीची ओढ कमी, आणि लंबक तितका सावकाश. चाळीस सेकंद मागे आणायचे तर...” त्यांनी पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले. “पहाडाच्या स्वतःच्या ओढीचं थोडं मागेपुढे धरून, समुद्रापासून सुमारे तीन हजार मीटर.”

तिच्या हातातला चमचा थांबला. “अहो, बाबांचं केंद्र किती उंचीवर होतं?”

प्राध्यापकांनी नकाशा काढला. दोन हजार नऊशे ऐंशी!

तिने चमचा खाली ठेवला. बाबा चुकले नसतील तर? घड्याळ तिथे, त्यांच्या खोलीत बरोबर चालत असेल, आणि चुकलेली फक्त ती असेल तर? हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला झोप लागणार नव्हती. पंधरा दिवसांत त्यांनी सामान बांधलं.

रस्ता संपतो तिथे खेचरवाला भेटला. म्हातारा, काटक, आणि बोलायला खेचराशिवाय कोणी नसल्याने शब्द साठवून ठेवलेला. खेचराचं नाव राणीसाहेब.

“ताई, पेटीत काय आहे?”

“घड्याळ.”

“बिघडलंय?”

“तेच बघायला चाललोय.”

“शहरात घड्याळजी नाहीत?”

“घड्याळजी घड्याळ दुरुस्त करतात,” प्राध्यापक म्हणाले. “आम्ही गुरुत्व दुरुस्त करतोय.”

खेचरवाला राणीसाहेबांच्या कानाशी वाकला. “ऐकलंत? आजवर आपण पीठ वाहिलं, रॉकेल वाहिलं. आता हे.”

पहिले दोन दिवस जंगलाचे होते. सरळसोट झाडांच्या मधून धुकं हलक्या पावलांनी हिंडत होतं. पायाखाली सुयांसारख्या पानांची गादी होती, त्यामुळे चालण्याचा आवाजही येईना. पेटी राणीसाहेबांच्या पाठीवर होती. लंबक वेगळा काढून, शालीत गुंडाळून तिने स्वतःच्या पाठीला बांधला होता. मधूनच तिला वाटे, आपण चालत नाही आहोत, कोणीतरी आपल्याला एका खूप लांब झोक्यावरून वर नेतं आहे. प्राध्यापक दर तीनशे मीटरला थांबत आणि आनंदाने जाहीर करत, “चार सेकंद कमी झाले!” जणू काही खिशातून दगड काढून टाकत होते.

ओढ्याकाठी विसाव्याला बसले असताना खेचरवाल्याने विचारलं, “केंद्रावरच्या काकांची तुम्ही मुलगी का? तरीच! नाक तेच आहे. काका गेल्यावर केंद्र बंद झालं; त्याआधी मी सामान घेऊन वर जायचो. रविवारी दहाच्या आधी गेलो, तर काका बोट ओठावर ठेवायचे. फोनजवळ स्टूल घेऊन बसलेले असायचे. दाढी केलेली, धुतलेला सदरा घातलेला.”

तिने पाण्यात हात बुडवला आणि बधिर होईपर्यंत तसाच ठेवला.

तिसऱ्या दिवशी झाडं संपली. पुढे उघडी धार होती, दोन्ही बाजूंना दरी. आणि आभाळ काळवंडलं!

वारा आला तो अंगावरच. मग बर्फ. समोरचा माणूस दिसेना! खेचरवाला ओरडला, “दोर धरा! बसू नका!” ती वाकून चालू लागली. एक पाऊल. आणखी एक. तेवढ्यात राणीसाहेबांचा मागचा पाय घसरला. पट्टा तुटला. पेटी उतारावरून सरकत निघाली!

प्राध्यापकांनी झेप घेतली. त्या माणसाने आयुष्यात बससाठीसुद्धा धाव घेतली नव्हती! पेटीचा दोर त्यांच्या हाती लागला आणि ते पोटावर पडून पेटीमागे दरीकडे घसरू लागले.

“अहो, सोडा! घड्याळ जाऊ द्या!”

“लाखेला धक्का लागता कामा नये!”

“लाख माझ्या पाठीवर आहे! तुम्ही सोडा तो दोर!”

त्यांनी सोडला नाही. तिने त्यांचा पाय पकडला. खेचरवाल्याने तिची कंबर पकडली. राणीसाहेबांनी, कोणाच्याही सूचनेशिवाय, चार पाय रोवले. क्षणभर सगळं ताणून राहिलं. मग पेटी इंच इंच वर आली. प्राध्यापकांच्या चष्म्याची एक काच गेली होती. “घर्षण कमी पडलं,” ते धापा टाकत म्हणाले.

“पुन्हा असं केलंत तर मीच ढकलीन,” ती म्हणाली आणि रडू लागली.

दुपारी उशिरा धुक्यातून केंद्राची भिंत पुढे आली. दार ढकललं तर आत दुसरा हिवाळा होता. फुटक्या खिडकीतून शिरलेल्या गारठ्याने लाकडी भिंतींवर बोटभर जाड पांढरं हिम धरलं होतं. मधोमध लोखंडी शेगडी होती, फोनजवळ स्टूल होतं आणि समोर भिंतीत एक खिळा. त्यांनी खिडकीला पुठ्ठा ठोकला, राणीसाहेबांना आडोशाच्या खोलीत घेतलं. तिने घड्याळ खिळ्यावर टांगलं. ते असं बसलं, जणू कधी निघालंच नव्हतं. लंबक लावला, झोका दिला. टिक. टिक. प्राध्यापकांनी उपग्रहावरून वेळ पकडणारं यंत्र शेजारी ठेवलं, काटे त्याच्याशी जुळवले आणि शेगडी पेटवायचंही त्राण न उरल्याने सगळे तसेच पांघरुणांत शिरले.

सकाळी तिने पाहिलं. घड्याळ आठ सेकंद पुढे होतं.

चाळीस नाही, पण शून्यही नाही. म्हणजे बाबा चुकलेच होते! थोडेच, पण चुकले होते. ती स्टुलावर बसली आणि शिळ्या पावाचा तुकडा हातात घेऊन नुसतीच बघत राहिली.

“अजून हजारएक मीटर वर गेलं तर...” प्राध्यापक हळूच म्हणाले.

बाहेर वादळ भिंतींना धडका देत होतं. “नाही,” ती म्हणाली. “झालं ते पुष्कळ झालं.”

“ताई, निदान शेगडी पेटवू का?” खेचरवाला हात चोळत म्हणाला. “काका असताना ही खोली कशी उबदार असायची. ते नुसत्या सदऱ्यावर बसायचे हो इथे.”

प्राध्यापक ताडकन उठले. पांघरूण पायात अडकून पडले, पुन्हा उठले. “नुसत्या सदऱ्यावर! अगं, मी गाढव आहे! थंडीने लोखंडाची दांडी आकसते. दांडी आखूड झाली की लंबक पळतो. एका अंशाला रोजचा अर्धा सेकंद! इथे शून्याच्या खाली दोन अंश आहेत. बाबांनी घड्याळ लावलं तेव्हा शेगडी पेटलेली होती!”

मग सुरू झाली मोहिमेतली सर्वांत विचित्र लढाई. बाहेर हिमवादळ, आणि आत तीन माणसं एका घड्याळासाठी खोलीचं तापमान वीस अंशांवर धरून बसलेली! कोठीतली उरलेली लाकडं संपली. घड्याळ आणलेली पेटी गेली. मोडकं कपाट गेलं. दुपारी प्राध्यापकांनी मोजमापाच्या यंत्राची लाकडी तिवई स्वतःच्या हाताने मोडून शेगडीत घातली आणि तोंड फिरवलं. तापमान चढलं की ते दार किलकिलं करायचे, उतरलं की ओरडायचे, “लाकूड!” खेचरवाला म्हणाला की एवढी बडदास्त त्याच्या लग्नातही कोणाची झाली नव्हती. पण त्या उबेने त्याची बधिर बोटंही हलू लागली होती, आणि तिघांच्या ओठांवरचा निळेपणा गेला होता.

खोली वीस अंशांवर आल्यावर काटे पुन्हा यंत्राशी जुळवले होते, त्याला आठ तास झाले. घड्याळ आणि यंत्र शेजारी शेजारी. प्राध्यापकांनी एक काच असलेला डोळा लावला.

“शून्य,” ते म्हणाले. “अगं, शून्य!”

ती उठून घड्याळापाशी गेली. गोठलेल्या भिंतीवरचं हिम आता कुठे वितळून खाली ओघळत होतं, आणि त्याच्या मागून पेन्सिलीची अक्षरं वर येत होती. आधी एक ओळ. मग दहा. मग कमरेपासून छतापर्यंत भिंतच अक्षरांनी भरून गेली. बाबांचं बारीक, सरळ अक्षर.

सगळ्यांत वर लिहिलं होतं: ‘घड्याळ खाली पाठवलं. खाली रोज ४० से. पुढे जाईल. पोरीला सांगितलेलं नाही. वेळ विचारायला फोन करील.’

त्याखाली तारखा. रविवारमागून रविवार, सात वर्षांचे. ‘फोन आला. ४ मि. ४० से. बरोबर.’ ‘फोन आला. ४ मि. ३८ से. खाली गारठा कमी असावा. बरोबर.’ ‘फोन आला. आवाज बसलेला. आलं घे म्हटलं. बरोबर.’

खाली, अगदी कमरेशी, शेवटच्या तीन ओळी होत्या.

‘फोन नाही. ४ मि. ४० से. झाले असतील.’

‘फोन नाही. ९ मि. २० से.’

‘फोन नाही. १४ मि.’

ती गुडघ्यांवर बसली. त्या तीन ओळींवर तिने तळहात ठेवला. लाकूड उबदार आणि ओलं होतं. “बाबा,” ती म्हणाली, “बरोबर होतं तुमचं. सगळं बरोबर होतं.” आणि ती हुंदके देऊन रडली. प्राध्यापक तिच्याजवळ जमिनीवर बसले, आणि त्या दिवशी त्यांना कुठलंही सूत्र आठवलं नाही. खेचरवाल्याने शेगडीत आणखी एक फळी सरकवली.

दोन दिवसांनी आभाळ निवळलं. खिळ्यावर घड्याळ अचूक चालत होतं. “इथेच ठेवू या,” प्राध्यापक म्हणाले. “जगात एवढं बरोबर ते इथेच असेल.”

तिने घड्याळ उतरवलं, लंबक काढला, शालीत गुंडाळला आणि पाठीला बांधला. “इथे आता वेळ कोण विचारणार?” ती म्हणाली.

उतरताना प्राध्यापकांनी सेकंद मोजले नाहीत.

एका रविवारी घरी घड्याळ जुन्या जागी लागलं आणि लगेच पुढे पळायला लागलं. पुढच्या रविवारी सकाळी तिने केस विंचरले, धुतलेला कुडता घातला आणि दहाच्या आधीच घड्याळाखाली स्टूल ओढून बसली. प्राध्यापकांनी ओठावर बोट ठेवून कुत्र्याला गप्प केलं.

दहा वाजले. तिने काटा मागे घेतला. मग कानामागची पेन्सिल काढली आणि घड्याळाशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर, नुकताच दिलेला रंग खराब होईल याची फिकीर न करता, बारीक सरळ अक्षरात लिहिलं: ‘४ मि. ४० से. बरोबर.’