होडीतली साडेचार मिनिटं

लिफ्टचं दार मिटता मिटता एक हात मध्ये आला, आणि हातामागून तो. विस्कटलेले केस, काखेत कागदांची गुंडाळी, चेहरा असा की जणू तोंडी परीक्षेलाच निघालाय.

"गेमवाले कितव्या मजल्यावर?"

"पाचव्या. काय काम होतं?" आत उभ्या असलेल्या तिने विचारलं.

"भांडायचंय. म्हणजे... त्यांनीच बोलावलंय." तो जरा ओशाळला. "ज्या शहाण्याने होडी काढून टाकली ना, त्याला एकदा डोळे भरून बघायचंय."

तिने नजर मजल्यांच्या आकड्यांवर खिळवली. तो शहाणा म्हणजे तीच होती.

तिच्या कंपनीच्या ऑनलाइन गेममध्ये दोन बेटं होती आणि मधे एक संथ होडी. पलीकडे पोचायला चार मिनिटं. त्या चार मिनिटांत खेळाडू एकही बटण दाबत नाहीत, हे तिने आकडेवारीत पाहिलं. कंटाळत असतील बिचारे... म्हणून होडी काढून तिने जादूचा दरवाजा बसवला. पाऊल टाकलं की पलीकडे. तेव्हापासून तक्रारींचा नुसता खच पडला होता, आणि शेवटी साहेबांनी दहा खेळाडूंना समोरासमोर बोलावलं होतं.

बैठकीत तिला बघताच त्याच्या हातातली गुंडाळी निसटली. "तुम्ही?"

"डोळे भरून बघून झालं असेल तर बोला," ती म्हणाली.

तो भांडलाच नाही. कागदही उलगडले नाहीत त्याने. "माझी ताई लग्न होऊन लांब गेली. रोज संध्याकाळी आम्ही दोघं त्या होडीत बसायचो. हात मोकळे, म्हणून गप्पा व्हायच्या. आता दरवाजातून गेलं की समोर थेट राक्षस. राक्षसाशी लढता लढता सासरच्या गोष्टी कशा सांगणार ती?"

सगळे हसले. तिला हसू येईना. तिने बटणं मोजली होती. माणसं बोलत असतील, हे मनातही आलं नव्हतं.

"चूक माझी आहे," ती उठून म्हणाली. "होडी परत आणते. तीन आठवडे द्या."

"आणलीत तर येईन," तो दारात रेंगाळत म्हणाला. "नाहीतर गेमला रामराम."

तीन आठवड्यांनी, संध्याकाळी, ती स्वतःच, आपल्या खऱ्या नावाने, गेममधल्या धक्क्यावर जाऊन उभी राहिली. आजूबाजूला खेळाडूंची झुंबड, होड्या भरभरून सुटत होत्या. तो मात्र... एक होडी गेली. दुसरी गेली. तिचा चहा निवून गेला.

"जागा आहे का हो?" हेडफोनमध्ये ओळखीचा आवाज.

तिने कितीतरी वेळाने श्वास सोडला. "बसा. ताई कुठे?"

"दांडी मारली मुद्दाम. म्हणाली, आज तू एकटाच जा."

पाण्याची हलकी खळखळ. वल्ह्यांचा आवाज.

"होडी जरा हळू झालीय का?" त्याने विचारलं.

"अर्धं मिनिट वाढवलंय."

"कुणी मागितलं होतं?"

"एका खेळाडूने." ती थांबली. "...मीच."

पलीकडून हलकंसं हसू. "आणि या खेळाडूला त्या अर्ध्या मिनिटात काय बोलायचं होतं?"

"हेच, की... तू आलास, बरं वाटलं."

"मला तर लिफ्टमध्येच बरं वाटलं होतं," तो म्हणाला. "भांडण तिथेच विसरलो मी."

होडी काठाला टेकली. राक्षस वाट बघत उभा होता. उतरलं कुणीच नाही, आणि होडी दोघांना घेऊन संथपणे माघारी वळली.