विमानाआधी आलेला अनंत

लाइट गेली तर जाऊ द्या, पोट्टेहो. जवळ सरका. ही रुपरावची गोष्ट. आम्ही दोघं नागपूरच्या इंदोऱ्यात एकाच गल्लीत वाढलो. त्याच्या तोंडून खोटं कधी निघालं नाही.

एकोणीसशे पासष्ट साल. मे महिना, बुद्ध पौर्णिमेची आदली रात्र. रुपराव एका डॉक्टरची मोटार चालवायचा. शेजारच्या अंजनाबाई शेवटच्या घटका मोजत होत्या आणि त्यांचा एकुलता एक अनंत मुंबईला नोकरीवर. रात्री दहाला डॉक्टरकडे त्याचा ट्रंककॉल आला.

“रुपरावभाऊ, विमानात जागा भेटली. आता सुटून राहिलं. घ्याले या. मायले म्हणा, थांब!”

मुंबई ते नागपूर, आकाशातून सातशे किलोमीटर. तेव्हाच्या पंख्याच्या विमानाला अडीच-तीन तास लागायचे. म्हणजे एक वाजणार. पण रुपरावला घरी बसवेना. तो लगेच डॉक्टरची मोटार काढून सोनेगावच्या विमानतळाकडे निघाला.

वर्धा रोडवर चिटपाखरू नव्हतं. विमानतळाच्या वळणावर कडुलिंबाखाली एक माणूस उभा. त्यानं हात केला.

अनंत.

“अरे! इतक्या लवकर कसा गा?”

“चाल.”

एवढंच बोलला आणि मागे बसला. सामान काही नाही. रुपरावनं घाईत गाडी वळवली. सीताबर्डी आली, तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. फोन येऊन अजून तासही झाला नव्हता...

त्यानं आरशात पाहिलं. अनंतच होता. त्याच्याकडेच बघत होता. पापणी लवत नव्हती.

“तू... अनंतच ना गा?”

रुपरावनं नजर झटकन रस्त्यावर आणली.

गाडी थांबवून पळावं, असं वाटलं त्याला. पण तिकडं म्हातारी दाराकडे डोळे लावून होती. त्यानं गाडी थांबवली नाही. आरशातही पुन्हा पाहिलं नाही.

घरी शेजारीण वच्छला उशाशी बसली होती. मागे बसलेला तो उतरून आत गेला. खाटेजवळ टेकला. अंजनाबाईंनी त्याचा हात धरला. हसल्या.

“आला तू? आता मले जाऊ दे.”

आणि गेल्या.

वच्छलानं हंबरडा फोडला. त्यांचे डोळे मिटवले. वळून पाहते तर... कोणी नाही. मागचं दार सताड उघडं.

अडीच वाजून गेल्यावर दारात सायकलरिक्षा थांबली. बॅग घेऊन अनंत उतरला. घामानं ओलाचिंब.

“भाऊ, मले घ्याले काहून नाही आले? किती वाट पाहिली... माय?”

वच्छला भिंतीला टेकून खाली बसली.

“तू आला असं समजून गेली,” रुपराव म्हणाला. झोपेत याचाच जीव पुढे आला असेल का, असं वाटून त्यानं अडखळत विचारलं, “विमानात झोप लागली होती काय तुले?”

“डोळ्याले डोळा नाही लागला. काहून?”

 कंदील उचलून रुपराव मागच्या दारापाशी गेला. उकाड्यानं जीव जात होता. दाराची लोखंडी कडी पांढरी दिसली. त्यानं बोट लावलं...

बर्फ.

दुसऱ्या दिवशी अंगणभर ऊन पसरलं. म्हातारीला उचललं. नेलं.

तरी कडीवरचा बर्फ वितळला नव्हता.