भिंत वाळताना

व्हेलारियाच्या दारात प्रत्येक पाहुण्याला एकच सूचना मिळते : आत बोलू नका, भिंती ओल्या आहेत.

सूचना देणारा रखवालदारही ती तोंडानं देत नाही. तो पाटी दाखवतो, ओठांवर बोट ठेवतो, बुटांवर चढवायला लोकरीच्या पिशव्या देतो आणि गळ्यात ऑडिओ गाइड अडकवतो. मग इटलीतल्या रोमन बंदराच्या त्या पडक्या गल्ल्यांतून शेकडो माणसं चिडीचूप हिंडत राहतात. कोणी शिंकलं तर सगळे त्याच्याकडे असे बघतात, की बिचाऱ्यानं दुसरी शिंक गिळूनच टाकावी. कानात मात्र गर्दी असते. दोन हजार वर्षांपूर्वीची एक बाई पोराला हाका मारत असते, कोणी मासेवाला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत असतो, आणि गाइडचा शांत आवाज त्यांच्या लॅटिनचा अर्थ सांगत असतो. हे नट नव्हेत. हे खरेच आवाज आहेत, भिंतींतून काढलेले.

ही करामत रोमन चुन्याची. रोमन गवंडी ज्वालामुखीच्या राखेत चुना कालवून भिंती बांधत, आणि त्यात चुन्याचे पांढरे खडे तसेच राहून जात. कित्येक शतकं लोकांना वाटत होतं, की हा गवंड्यांचा आळस. तसं नव्हतं. भिंतीला चीर पडली आणि तिच्यात पावसाचं पाणी शिरलं, की हे खडे विरघळतात, आणि भिंत वाळताना त्यांचेच नवे स्फटिक चीर भरून काढतात. म्हणजे भिंत आपली जखम आपणच बुजवते. एवढं आपल्या आजोबांच्या काळातच कळलं होतं. नंतर कळलं ते असं, की वाळता वाळता ती ऐकतेही. स्फटिकाचा थर बसत असताना जवळ कोणी बोललं, तर त्या आवाजाची थरथर त्या थरातच बसून जाते. अशा आवाज धरून बसलेल्या थराला शास्त्रज्ञांनी नाव दिलं नादपुट.

कांद्याच्या पापुद्र्यांसारखी ही पुटं एकावर एक असतात. सगळ्यांत आत रोमन माणसं, सगळ्यांत वर आपण. आणि पुट वाचायचं म्हणजे सोलायचं. प्रकाशाची बारीक शलाका थर उडवत जाते, उडता उडता त्यातला आवाज यंत्र पकडतं, आणि थर संपला की तो आवाज जगातून संपतो. त्यामुळे रोमन मासेवाल्यापर्यंत पोचायचं तर आधी आपल्यासारख्यांना खरवडून काढावं लागतं.

सुरुवातीला लोकांनी हौसेनं ही वरची पुटंही ऐकली. दोन-चार लग्नं मोडली, एका पुढाऱ्याची खुर्ची गेली, आणि मग मौनाचा कायदा आला. आत बोलायला बंदी झाली. गेल्या शंभर वर्षांतली पुटं, ज्यांना तिथले लोक ‘चालू पुटं’ म्हणतात, ती न ऐकताच उडवायची. सवलत एकच. आवाज ज्याचा असेल त्यानं, किंवा तो हयात नसेल तर त्याच्या अगदी जवळच्या माणसानं, पुट उडत असताना ते एकदा ऐकायचं. नोंद ठेवायची नाही, पुन्हा ऐकायचं नाही.

ही सवलत मागायला कऱ्हाडहून हर्षदा देवकुळे आल्या होत्या. एकट्याच.

भग्नावशेषांच्या कुंपणाबाहेर एक काचेची खोली आहे. कुंपणाच्या आत तासन् तास दाबून धरलेलं बोलणं लोक तिथं येऊन मोकळं करतात, त्यामुळे तिथं कायम मंडईसारखा गलका असतो. त्या गलक्यात एका कोपऱ्यातल्या टेबलाशी डॉ. मिहिका रणसुभे त्यांची वाट बघत होती. मिहिका मूळची लातूरची, वय तिशीच्या आसपासचं. नादपुटं सोलणाऱ्या गटात काम करायची. हर्षदाबाईंनी तिचं भाषण घरबसल्या ऐकलं होतं आणि तिलाच लिहिलं होतं.

“काकू, बसा. चहा इथला काही खरा नाही, कॉफीच घ्या,” मिहिका म्हणाली. “तुम्ही कळवलेला दिवस मी तपासला. त्या सकाळी इथं पाऊस झाला होता आणि दुपारी लख्ख ऊन पडलं होतं. बेकरीच्या भिंतीला नवी चीर होती. म्हणजे तुम्ही आलात तेव्हा ती वाळत होती.”

“आणि आवाज?”

“आहे. कायद्यानं मला आधी ऐकता येत नाही. पण पुटाचा एक कण उडवून यंत्र नुसती भाषा ओळखून सांगतं. त्या पुटात मराठी आहे.”

हर्षदाबाईंनी कॉफीचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“उद्या ती भिंत सोलायला घेतायत,” मिहिका म्हणाली. “तुम्ही ऐका नाहीतर नका ऐकू, पुट जाणारच. पण काकू, रागावू नका, एक सांगू? नका ऐकू. लांबून लांबून लोक येतात. कुणाची आई, कुणाचा मुलगा. वाटत असतं, काहीतरी मोठं कानावर पडेल. आणि आत निघतं काय, तर ‘बाथरूम कुठाय?’ आणि ‘पाय दुखतायत.’ नाहीतर त्याहून वाईट निघतं. न ऐकता परत गेलेली माणसं मला जास्त सुखी दिसली आहेत.”

“मला सुखी नाही व्हायचं,” हर्षदाबाई म्हणाल्या. “मला त्याच्याशी भांडण मिटवायचंय.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान तुषार देवकुळे कऱ्हाडच्या शाळेत भूगोल शिकवायचे. वर्गात सरांचं तोंड थांबायचं नाही, पण घरी स्वतःबद्दल एक शब्द बोलायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. अवघड काही सांगायचं असलं, तर ते मिक्सर सुरू असताना सांगत. बदलीची बातमी त्यांनी अशीच सांगितली होती, भर वाटणात. प्रवासाची त्यांना फार हौस. कुठल्याही संग्रहालयात, किल्ल्यावर गेलं, की दोघांत ऑडिओ गाइड एकच घ्यायचं हा नियम. “तू ऐक आणि मला सांग,” ते म्हणत. “ती बाई सांगते त्यापेक्षा तू सांगतेस ते मला लक्षात राहतं.” हर्षदाबाई कानाला लावून ऐकायच्या, सर शेजारी उभे राहायचे, आणि मग दोघं कुठंतरी दगडावर बसून गप्पा मारायचे. तीन वर्षांपूर्वी व्हेलारियातही तसंच झालं. तेव्हा इथं नुसतंच साधं गाइड होतं, बोलायला बंदी नव्हती.

“बेकरीपाशी मला आठवतंय, कानातली बाई गाढवांबद्दल सांगत होती. गाढवं जातं कशी ओढायची, त्यांच्या डोळ्यांना पट्ट्या कशा बांधायचे. आणि समोर तुषार भिंतीला हात लावून उभा होता. त्याचे ओठ हलत होते. माझं लक्ष गाढवांत.”

“मग?”

“मग काही नाही. त्या संध्याकाळी तो इतका खुशीत होता, की मला नवल वाटलं. आइस्क्रीम काय खाल्लं, गाणी काय म्हटली. पुढच्या वर्षी गेला तो. पोटात गाठ होती. तो गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, आम्ही त्यांना केव्हाच सांगितलं होतं, तुम्ही इटलीला गेलात त्याच्याही आधी. वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर आशा होती.” हर्षदाबाईंचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले. “चाळीस वर्षं संसार केला मी त्याच्याशी. आणि मला नाही सांगितलं! भिंतीला सांगितलं असणार. माझी खात्री आहे. सांगून मोकळा झाला आणि आइस्क्रीम खायला आला. मला फक्त एवढंच ऐकायचंय, की मला का नाही सांगितलं. भिंतीला तरी कारण सांगितलं असेल ना त्यानं?”

परवानगीच्या पडद्यावर मिहिकानं हर्षदाबाईंचा अंगठा घेतला आणि सकाळी लवकर यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पर्यटकांना सोडण्याआधी दोघी बेकरीपाशी गेल्या. छप्पर नसलेली खोली, मधोमध दगडी जाती, कोपऱ्यात भट्टीचं काळं तोंड. भिंतीसमोर तिपाईवर यंत्र बसवलं होतं. कायद्याप्रमाणे एका अधिकाऱ्यानं बरोबर ऐकायचं असतं, ते काम मिहिकाचंच होतं. दोघींनी कानात यंत्राची ऐकायची बोंडं घातली. मिहिकानं खुणेनंच विचारलं. हर्षदाबाईंनी मान हलवली, आणि शलाका भिंतीवर टेकली.

आधी नुसती खरखर आली. मग पावलं, दुसऱ्याच कुठल्या भाषेत रडणारं एक पोर. आणि मग अगदी जवळ, जणू मागे येऊन उभे राहावेत तसे, सर.

“बरं, ऐक. हे मी कऱ्हाडलाच सांगणार होतो. पण तिथं तू भाजी चिरता चिरता हात थांबवून माझ्याकडे बघतेस, मग मला बोलता येत नाही. इथं बरंय.”

हर्षदाबाईंनी जात्याचा कठडा धरला. दोन वर्षांत त्यांनी हा आवाज ऐकला नव्हता. त्यांना एकदम इतकं बरं वाटलं, की शब्दांकडे लक्ष द्यायचंही क्षणभर राहून गेलं.

“...गाठ आहे म्हणतात. चांगली नाही. ऑपरेशन करा म्हणतात, निम्मी निम्मी आशा आहे. मला नाही करायचं गं. अण्णांचे हाल बघितलेत मी, त्या नळ्या नि ते सगळं. आहे तेवढं मला असंच हिंडू दे, तुझ्याबरोबर. पण तू करच म्हणालीस, तर करीन. तुझ्यावर आहे.” मध्ये ते दुसऱ्या भाषेतलं पोर रडलं. मग, “चालेल तुला? नाही केलं तर?”

आणि भिंतीतून दुसरा आवाज आला.

“हं.”

हर्षदाबाईंनी दचकून मिहिकाकडे पाहिलं. मिहिका यंत्राकडे बघत होती.

“नक्की? नीट विचार करून सांग.”

“हो रे, चालेल. तू म्हणशील तसं. हो पुढे, आलेच मी.”

त्या आवाजात जराही खोट नव्हती. कामात असलेल्या बायकोचा, रोजचा, सवयीचा आवाज. मटार आणू का, दार लावू का, जाऊ का, या सगळ्याला चाळीस वर्षं जे उत्तर मिळत आलं, तेच.

सरांनी मोठा श्वास सोडलेला ऐकू आला. “सुटलो. मला वाटलं होतं, तू आकांत करशील. आता घरी हा विषय काढायचा नाही. मी काढणार नाही, तूही काढू नकोस. जमेल?”

“हं.”

“शहाणी माझी.”

ते हसले. पावलं लांब गेली, आणि खरखर थांबली. भिंतीखाली चिमूटभर पांढरी भुकटी पडली होती.

मिहिकानं कानातली बोंडं काढली. भिंती ओल्या नव्हत्या, तरी सवयीनं ती कुजबुजली, “काकू, तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं. तुमच्या कानात ती बाई बोलत होती. यात तुमचा काय दोष?”

“दोषाचं नाही गं म्हणत मी,” हर्षदाबाई म्हणाल्या. “त्याला कुठं माहीत होतं, की मला ऐकू आलं नाही?”

मिहिका या यंत्राबद्दल कोणालाही काहीही समजावून सांगू शकत होती. पुटं कशी बसतात, कशी सोलतात, आवाज कसा शुद्ध करतात. पण भिंतीत बोलणाऱ्याचं बोलणं राहतं, तसं ऐकणाऱ्याचं न ऐकणंही राहतं, हे तिनं आजवर कुठल्या भाषणात सांगितलं नव्हतं.

हर्षदाबाई जात्याच्या कठड्यावर बसल्या. त्यांना ते पुरतं वर्ष नव्यानं दिसायला लागलं होतं. सर जेवताना अर्धी पोळी टाकत आणि त्यांच्याकडे बघत. त्या म्हणत, “टाकू नकोस रे, संपव,” आणि सर हसून संपवत. त्यांना वाटत असणार, काय धीराची बायको आहे माझी, सगळं माहीत असून कशी नेहमीसारखी बोलते. दवाखान्यात शेवटी त्यांनी हर्षदाबाईंचा हात धरून म्हटलं होतं, “तू शब्द पाळलास हं.” औषधांच्या गुंगीत बरळतोय, असं हर्षदाबाईंना वाटलं होतं. त्यांनी कपाळावरून हात फिरवला होता आणि म्हटलं होतं, “हं, झोप आता.”

त्या दोघांत मरण उभं होतं, आणि ते दोघांना दिसतंय अशा समजुतीत एकटे सर वर्षभर त्याच्याशी राहिले होते. शेजारी बायको असूनही. हर्षदाबाईंना हुंदका आला तो स्वतःसाठी नव्हता, त्यांच्यासाठी होता.

“हो म्हटलं नसतं मी,” त्या म्हणाल्या. “मी त्याला ओढत नेलं असतं दवाखान्यात. तो म्हणाला ना, तू करच म्हणालीस तर करीन.”

“हो, काकू.”

“हे पुन्हा एकदा ऐकता येणार नाही?”

“नाही.” मिहिकानं जमिनीवरच्या भुकटीकडे पाहिलं. “आता काहीच राहिलं नाही.”

बाहेर दार उघडलं होतं. लोकरीच्या पावलांचे पहिले पर्यटक गल्लीत शिरले, गळ्यात गाइड, ओठ मिटलेले. तिपाईवरचं यंत्र आपोआप पुढच्या पुटाकडे वळलं.

हर्षदाबाई उठल्या, पण कुठल्या बाजूला जायचं हे त्यांच्या लक्षात येईना. कऱ्हाडला रोज सकाळी चहा गाळताना त्या सरांशी भांडायच्या. का नाही सांगितलंस, म्हणून विचारायच्या, कपबशी आपटायच्या, कधी शिव्याही द्यायच्या. गेली दोन वर्षं घरात तेवढंच एक बोलणं होतं. आता घरी गेल्यावर सकाळी सरांशी काय बोलायचं, ते त्यांना कळेना.