लाल अल्फा, हिरवी जग्वार

"ह्यात शिरायचं म्हंजे म्हशीनं खुराड्यात शिरायचं," जग्वारच्या सीटवर गुडघे मुडपत गणपतराव पुटपुटले. दाराशीच उभ्या असलेल्या पूर्णिमाला ते स्वच्छ ऐकू आलं आणि तिचा जीव खाली-वर झाला. त्यांना जग्वारच आवडायला हवी होती.

समोरचा रस्ता रुंद होणार, शेड अर्धी जाणार, जागा उरणार एकाच गाडीला. आणि अमरसिंहांनी, नेहमीप्रमाणं बायकोला न विचारता, जयसिंगपूरच्या या गाडीवेड्या पावण्यांना शब्द देऊन टाकला होता, "दोन्ही चालवून बघा. मन बसंल ती तुमची." कोल्हापुरात पावण्याला दिलेला शब्द म्हणजे ताटात वाढलेलं मटण. परत उचलता येत नाही.

हिरवी जग्वार नवऱ्याची हौस. लाल अल्फा रोमिओ मात्र पूर्णिमाची. चाळिशीत, पुस्तकातली चित्रं बघून, ती हिच्यावरच गाडी शिकली. स्टिअरिंग डावीकडं, त्यामुळं नवरा उजवीकडं नुसता बसून राहायचा. ते सुख वेगळंच. म्हणून तर परवा एका लग्नाला निघताना तिनं मेस्त्री करीमभाईंना गुपचूप सांगितलं होतं, "कायतरी करा, पर लाल गाडी सुरूच व्हायला नको."

"काळजी सोडा, वैनी."

गणपतराव जग्वार घेऊन वाघबीळच्या घाटापर्यंत जाऊन आले. "सहा सिलिंडरची ताकद हाय. पर वळणावर अंग जड." मग ते लाल गाडीत बसले. आज तिचं नाक जरा वर उचलल्यासारखं दिसत होतं. मानी पोरीसारखं. पूर्णिमा निवांत होती.

किल्ली फिरली. गाडी सुरू झाली.

करीमभाईंचा चहा बशीत सांडला. अमरसिंहांनी एकदम विचारलं, "भजी सांगू का?" फितूर मेला, असं मनात म्हणत पूर्णिमानं करीमभाईंकडं डोळे वटारले. ते जमिनीकडं बघत होते.

तासाभरानं गणपतराव पोरासारखे हसत उतरले. "घाट चढलो का उतरलो, कळलंच न्हाय की! आवाज तर मांजरावानी. हीच न्हेणार."

डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून पूर्णिमानं मान वळवली, बॉनेटवर हात टेकला. भर उन्हात घाट चढून आलेली गाडी.

बॉनेट माठासारखं गार होतं.

पेट्रोलचा वासही नव्हता.

"उघडा की बॉनेट. इंजिन बघू," गणपतराव म्हणाले.



"आधी जेवून घ्या, पावणं. रस्सा निवतोय," अमरसिंह घाईनं म्हणाले. "मी बघितलंय सकाळी." मग त्यांनी जीभ चावली.

किल्ली गणपतरावांच्या मुठीत होती. लाल गाडीची मऊ गुरगुर मात्र चालूच होती.

करीमभाईंनी डोक्यावरची टोपी काढली.

"वैनी, तुमी लग्नाला गेलता, तवाच हिचं इंजिन उतरवून न्हेलंय मी. उद्यमनगरात, माझ्या ग्यारेजात टेबलावर पडलंय."