हात लावू नका, अजून ओलं आहे

"ते वार्निश नका लावू."

आवाज मागून आला. तिच्या एका हातात वार्निशची फवाऱ्याची बाटली होती, दुसरा हात पर्समध्ये सुट्टे शोधत होता, आणि बाहेर भुरभुर सुरू झाल्यामुळे तिला घरी पळायची घाई होती. तशी तिला घाई कधी नसते म्हणा! बाबा तर तिला 'घाई' याच नावाने हाक मारायचे. "घाईऽ, माझा रुमाल कुठाय?" असं.

तिने वळून पाहिलं. रंगांच्या फळीशी एक उंच, शांत चेहऱ्याचा तरुण उभा होता आणि त्याचा चष्मा नाकावर चांगलाच कलला होता. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. वाकडा चष्मा दिसला की तिचे हात नुसते शिवशिवायचे. हा गुण तिने बाबांकडून घेतला होता, ते पुढे येईलच.

"का बरं नको?" तिने विचारलं.

"तुम्ही क्रोम रंगावर लावणार ना? मावशींना सांगत होतात ते कानावर पडलं. हे वार्निश लावलंत की क्रोमची राख होईल."

"अच्छा! आणि तुम्ही कोण? वार्निशचे डॉक्टर?"

"नाही हो," तो अगदी सावकाश म्हणाला, "मी कवळ्या बनवतो."

तिला हसू आलं. छोट्या मोटारी, विमानं जुळवून रंगवणाऱ्या हौशी लोकांच्या त्या चिमुकल्या दुकानात कवळीवाला भेटेल, असं कुणाला वाटेल? गल्ल्यामागे विणत बसलेल्या मावशी म्हणाल्या, "ऐक गं त्याचं. लहानपणापासून हेच करतोय तो."

पण ऐकेल ती घाई कसली! बाटली पर्समध्ये टाकून ती भुरभुरीत निघूनही गेली.

आता तो क्रोम कशावरचा, ते सांगते. तिचे बाबा दूध डेअरीचा टँकर चालवायचे. स्टीलचा, गोल पोटाचा, लखलखीत. रोज सकाळी निघण्याआधी त्यावर 'हाऽ' करून तोंडाची वाफ सोडायची आणि पिवळ्या फडक्याने असा पुसायचा, की त्यात बघून भांग पाडावा. रजेच्या दिवशी टँकर नसला की बाबा घरातले नळ पुसायचे, कुकर पुसायचे, आणि काहीच उरलं नाही तर लेकीचा चष्मा तिच्या नाकावरून काढून पुसायचे. आणि आता बाबा निवृत्त होत होते. टँकर दुसऱ्या ड्रायव्हरकडे जाणार होता. बाबा वरवर हसत होते, पण परवा रात्री जेवताना ते रिकाम्या हाताने टेबलाचा कोपरा पुसत बसलेले तिने पाहिले. या हातांनी उद्यापासून पुसायचं काय?

म्हणून तिने हुबेहूब टँकर करायला घेतला होता, तळहातावर मावेल एवढा. चाकं, शिडी, झाकणं, सगळं जुळवलं. काळा चकचकीत रंग, त्यावर क्रोमचे हलके हलके फवारे... आणि काय झळाळी आली! फक्त एकच गोम होती. क्रोमला नुसतं बोट लागलं तरी डाग पडायचा, अंगठा घासला तर खालचा काळा रंग दिसायचा. आणि बाबा तर रोज पुसणार. पुसण्यासाठीच तर होता तो! तेव्हा वरून काहीतरी पक्कं लावणं भागच होतं.

तिने घरी जाऊन वार्निश फवारलं. बघता बघता टँकर विझला. झळाळी गेली आणि उरला करड्या मातीचा रांजण. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी ती पुन्हा दुकानात. तोही होताच.

"बोला," ती म्हणाली. "'मी सांगितलं होतं' म्हणा आणि मोकळे व्हा."

"घसा बसलाय माझा," तो म्हणाला. डोळे मात्र हसत होते.

मावशींनी विणता विणता दोघांकडे पाहिलं आणि बाकावरचा लोकरीचा ढीग उचलून जागा करून दिली.

त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, बाबांचं, फडक्याचं, नळांचंसुद्धा. मग म्हणाला, "रंग काढून पुन्हा क्रोम चढवा. तोवर मी चमचे करतो."

"चमचे?"

"प्लास्टिकचे. प्रत्येकावर क्रोम, आणि वर वेगवेगळा लेप. तुम्ही दिवसभर घासायचे, बाबा पुसतात तसे. जो टिकेल तो टँकरला."

"आणि वेळ किती लागेल?"

"सुकण्यावर आहे. घाई करून चालत नाही."

"तुम्हाला ना," ती म्हणाली, "मी सावकाशराव म्हणणार आहे."

"म्हणा की... सावकाश म्हणा."

तर असे चमचे सुरू झाले. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचायचं आणि ही एप्रनच्या खिशात चमचा घासत उभी. पहिला चमचा दुपारपर्यंतच काळा पडला. दुसऱ्याची झळाळी आधीच अर्धी गेलेली. प्रत्येक चमच्यापायी दुकानातल्या त्या बाकावर एक संध्याकाळ जायची, आणि ती कशी जायची ते दोघांनाही कळायचं नाही. त्याने तिला सांगितलं, की समोरचा माणूस हसला की आधी दात दिसतात, माणूस नंतर. तिने विचारलं, "माझे कसे आहेत?" तो इतका वेळ बघत राहिला की तिनेच तोंड मिटून घेतलं.

"उत्तर?"

"अजून... तपासतोय."

"तपासा, तपासा. सुकायला ठेवा आणि मग सांगा!"

तिसरा चमचा मात्र तिने मान खाली घालून परत केला. "हाही गेला," एवढंच म्हणाली. त्याने चमचा दिव्याखाली धरला, उलटसुलट पाहिला आणि काही न बोलता खिशात ठेवला. चौथा आला, पाचवा आला. मावशींचा स्वेटर बाह्यांपर्यंत पोचला. घरी टँकरचं नवं क्रोम केव्हाच सुकून तयार होतं, आणि बाबांचा निरोप समारंभ हां हां म्हणता परवावर आला.

तेव्हा कुठे ती भानावर आली. टँकर डब्यात घालून तडक त्याच्या घरी गेली. लेप फवारायचं यंत्र त्याच्याकडेच होतं.

दार त्याच्या आईने उघडलं. हातात धूळ पुसायचं फडकं होतं. "ये, ये. चमचेवाली ना तू?" म्हणून त्यांनी तिला बसवलं आणि हातातलं काम पुढे चालू केलं. फळीवरची एक छोटी मोटरसायकल त्या फडक्याने खसाखसा पुसू लागल्या. मोटरसायकल नखशिखान्त क्रोमची होती.

"अहो काकू!" ती ओरडलीच. "हात... क्रोम आहे ना ते!"

"असेल. कॉलेजात असताना केली होती त्याने. तेव्हापासून रोज पुसते मी. धूळ काय कमी बसते इथे?"

मोटरसायकल लखलखत होती. कुठे एक ओरखडा नाही की डाग नाही. तिने हळूहळू मान वळवली. तो दारात उभा होता, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"म्हणजे कुठला लेप टिकतो, ते तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

रागाच्या भरात ती 'तू'वर आल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या आलं.

"होतं," तो म्हणाला.

"मग ते दोन फालतू चमचे का दिलेस मला?"

"पहिलाच टिकला असता तर तू दुसऱ्यांदा कशाला आली असतीस?"

ती लाल झाली, ती रागाने की कशाने, हे तिचं तिलाच ठाऊक.

"पण नंतर माझं मन मला खायला लागलं," तो पुढे म्हणाला. "म्हणून तिसऱ्याला खरा लेप दिला होता." त्याने खिशातून चमचा काढला. एवढे दिवस खिशातच होता वाटतं. "हा. अंगठ्याने असे ओरखडे पडतात होय? हे तारेच्या घासणीचे आहेत."

आता तोंडचं पाणी पळायची पाळी तिची होती. तिने छताकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं.

"तो टिकला होता," ती शेवटी पुटपुटली. "दोन दिवस घासला तरी ढिम्म. म्हणजे मग... संपलंच ना सगळं. म्हणून मी..."

त्याच्या आईने फडकं खांद्यावर टाकलं. "छान! चोरावर मोर आहात दोघं," म्हणाल्या आणि हसत हसत आत गेल्या.

दोघंही हसली असती. पण तेवढ्यात तिला परवाचा दिवस आठवला. "हा लेप पक्का सुकायला किती दिवस लागतात?"

तो बोटांवर दिवस मोजू लागला.

"सांग ना!"

"या दमट हवेत... आठवडा."

ती मटकन खाली बसली. "बाबा परवा तो हातात घेणार. घेतल्या घेतल्या पुसणार. माझ्याच लबाडीपायी मी बाबांचा टँकर..." डोळे भरून आले.

"आपल्या," तो म्हणाला. "लबाडी आपली दोघांची. ऊठ. आत्ता फवारू. परवाचं परवा बघू."

टँकर बाटलीच्या बुचावर चिकटवून त्याने फवारा धरला. पातळ, धुक्यासारखा. एक हात झाला की थांबायचं, मग पुन्हा. करडा पडतोय का? नाही... झळाळी जराशी नरम झाली, पण राहिली. त्याचा चष्मा घसरला, आणि दोन्ही हात तर कामात. तिने पुढे होऊन दोन्ही काड्या धरून तो हलकेच सरळ केला.

"पहिल्या दिवसापासून करायचं होतं मला हे," ती म्हणाली.

"मग एवढी घाईची बाई... थांबलीस कशी?"

डेअरीच्या गॅरेजमध्ये निरोप समारंभ झाला. भाषणं झाली, हार झाले, टाळ्या झाल्या. आणि त्या गर्दीत एक उंच तरुण तबक घेऊन उभा होता, तबकात छोटा टँकर. बाबांनी तो पाहिला आणि त्यांचे डोळे लकाकले. खिशातून पिवळं फडकं बाहेर आलंच.

"काका, हात लावू नका," तरुण दोन पावलं मागे सरला. "अजून ओलं आहे."

बाबा उजवीकडून आले, तबक डावीकडे गेलं. बाबा डावीकडून आले, तबक वर गेलं. ड्रायव्हर मंडळी पोट धरून हसायला लागली. ती मात्र तबकाशेजारी जीव मुठीत धरून उभी होती.

"मला अजून एक सांगायचंय," तो तबकाआडून कुजबुजला. "पण घाई नाही."

"मला आहे," ती म्हणाली. "तू मला आवडतोस. झालं. आता हेही सुकायला ठेवणार का?"

तबक असं हललं, की टँकर घसरतच होता. तिने काठ धरला. "नाही," तो म्हणाला. "मलाही. खूप. मघाशी तेच—"

"हा कोण गं?" बाबा समोर उभे होते.

घाईने तबकाचा काठ आणखी घट्ट धरला. बाबांनी मान पुढे करून टँकरचा वास घेतला, मग लेकीचा चेहरा पाहिला. "ताजा लेप आहे. या हवेत आठवडा तरी लागेल," ते म्हणाले. "मला न समजायला मी काय काल गाडीवर बसलो?" त्यांनी फडक्याची घडी घालून ती खिशात ठेवली. मग दोन्ही हात दोन्ही खिशांत घातले आणि कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर काढले नाहीत. कुणी हात मिळवायला आलं तरी मान लववून नमस्कार करत राहिले. ते हात एवढा वेळ गप्प बसलेले तिने जन्मात पाहिले नव्हते. तिला रडूच फुटलं.

निघताना बाबा त्याला म्हणाले, "सुकला की तू स्वतः घेऊन ये घरी. आणि जेवायलाच ये."

पुढच्या रविवारी तो आला. तिची आई पानं मांडत होती. बाबा खिडकीपाशी उजेडात बसले, टँकर तळहातावर घेतला, 'हाऽ' केलं आणि पिवळ्या फडक्याने पुसला. एकदा... दोनदा... मग अगदी रोजच्यासारखा, जोर लावून. मागे उभ्या असलेल्या त्या दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले होते. फडकं बाजूला झालं. टँकर लखलखत होता. बाबांनी तो वळवून वळवून पाहिला, बोटाने शिडी चाचपली.

"रोज पुसायला लागणार हा," शेवटी म्हणाले. आवाज जरा ओला होता. मग टँकर किंचित तिरका धरून, मान न वळवता ते म्हणाले, "आणि घाई, त्याचा हात जरा सैल धर. कवळ्या करायच्या असतात त्याला."

दोघांनी दचकून हात सोडले. "बाबा! तुम्हाला कसं..."

"उभा जन्म आरशात मागचं बघत गाडी चालवलीय मी," बाबा म्हणाले आणि पुन्हा फडकं फिरवायला लागले. "सोडलात कशाला? धरा. आता सुकलंय."