उसना ठोका

कोल्हापूरच्या त्या प्रयोगशाळेत फिटनेस ॲप बनत होतं, आणि खरं सांगायचं तर जगाला आणखी एका फिटनेस ॲपची काडीइतकीही गरज नव्हती. सगळी ॲपं पावलं मोजत आणि माणसाला आळशी ठरवत. डॉ. यमुना सरपोतदारांचं ॲप मोजत नव्हतं, ते ठोका द्यायचं.

"मनगटावर दुसऱ्याच्या हृदयाचा ठोका हलकेच उमटवला, की मिनिटभरात आपलं हृदय त्याच लयीत येतं," यमुनाबाई कंपनीचे मालक विराज लाटकर यांना सांगत होत्या. "मी याला तालसंसर्ग म्हणते."

"मग एकदा रेकॉर्ड करा आणि वाजवत राहा की."

"रेकॉर्ड केलेला ताल शरीर लगेच ओळखतं आणि सोडून देतं. ठोका जिवंतच लागतो. तालदाता लागतो."

तालदात्या होत्या अक्काताई मगदूम, मुलींना कुस्ती शिकवणाऱ्या वस्ताद. त्यांच्या छातीवर चिकटवलेल्या स्पंदनग्राहीतून ठोका निघे आणि चाचणीतल्या हजारो लोकांच्या मनगटी पट्ट्यांत पोचे. बदल्यात कंपनीच्या शेडमध्ये त्यांची तालीम चाले. लोक नीट झोपू लागले होते, झेपेल तेवढंच पळत होते. असं ॲप बाजारात दुसरं नव्हतं.

लाटकरांना नेमकं तेच खुपत होतं. "शांत माणूस ॲप उघडतच नाही, डॉक्टर. ठोका वाढवा. छाती धडधडली की पळतील सगळे."

"त्यासाठी अक्काताईंना घाबरवावं लागेल. मी ते करणार नाही."

"मग मी करतो."

त्यांनी स्वतःच्या मनगटावर पट्टा बांधला, अक्काताईंना बोलावलं आणि तोंडावर सांगितलं, "उद्यापासून तालमीला कुलूप."

अक्काताईंचे डोळे भरून आले. जिवापाड जपलेली तालीम ती! पडद्यावरची ठोक्यांची रेघ आता उसळणार म्हणून लाटकर बघत राहिले. रेघ खाली उतरली.

"अंगावर कुणी आलं की आमचा श्वास खाली बसतो, साहेब," अक्काताई म्हणाल्या. "पोरींना पहिल्या दिवसापासून मी दुसरं काय शिकवते?"

लाटकर ओरडायला उठले. ओरडता येईना.

"डॉक्टर, तुम्हाला खरं तर काढून टाकायला हवं," ते मायेनं म्हणाले. "पण राग येत नाहीये. असू दे तालीम."

यमुनाबाईंना हसू फुटलं. फुकटात मैदान मारलं होतं. तेवढ्यात अक्काताईंनी छातीवरचा स्पंदनग्राही ओरबाडून काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे काय केलंत?" यमुनाबाईंनी विचारलं.

"सलामी न देता डाव टाकला, तर ती कुस्ती आम्ही धरत नाही. ह्यांच्या छातीत बसून हो म्हणवून घेतलेलं मला नको." त्या लाटकरांकडे वळल्या. "आता तुमच्या ठोक्यावर बोला."

लाटकरांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "कुलूपच लावणार. आणि दोघीही चालत्या व्हा."

"लावा की. पोरी पंचगंगेच्या काठावर लढतील."

यमुनाबाईंनी पर्स उचलली आणि त्या अक्काताईंच्या मागोमाग निघाल्या. लाटकरांच्या हातावरचा पट्टा मुका पडला होता. गावोगावचे हजारो पट्टेही त्याच क्षणी मुके पडले होते. लाटकरांनी पट्टा झटकला, कानाला लावला.

यमुनाबाई दारात थांबल्या. "आता पावलं मोजा, साहेब. बाकीचे तेच करतात."